चारही डिस्क एकाच पेटीत नकोत

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ खानापुरात असून घर बेळगावात आहे. लग्नांचे फोटो व व्हिडिओ मिळून सुमारे ५ टीबी साठले आहेत आणि वर्षाला अर्ध्या टीबीची भर पडते. बॅकअपच्या लिनक्स सर्व्हरसाठी ८ टीबीच्या चार हार्ड डिस्क घेतल्या आहेत. दुकानदार रेड-५ सुचवतात, तर मित्र रेड-६ चा आग्रह धरतो. काय करावे?

उत्तर : रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून, एखादी बिघडली तरी डेटा टिकावा अशा रीतीने एकत्र वापरण्याची पद्धत. रेड-५ मध्ये आपल्याला २४ टीबी जागा मिळेल खरी, पण एक डिस्क गेली की नवी भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी त्याला पंधरा तास लागतात आणि तेवढ्यात दुसरी डिस्क बंद पडली, तर सगळेच जाते. रेड-६ दोन डिस्क गेल्या तरी तग धरते व १६ टीबी देते. या दोघांत आपल्या मित्राचेच म्हणणे योग्य आहे.

तरीही मी रेड-६ सुचवणार नाही. चुकून पुसलेला फोल्डर, फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस किंवा खानापूरच्या पावसाळ्यातली वीज यांपुढे कोणतेही रेड हतबल ठरते, कारण चारही डिस्क एकाच पेटीत, एकाच वायरीवर असतात. आपला डेटा एका डिस्कवर मावतो. म्हणून एमडीएडीएम हा लिनक्समधला रेड जुळवणारा प्रोग्रॅम वापरून दोनच डिस्कचे रेड-१ करावे, म्हणजे दोन्हींवर तीच नक्कल राहील. उरलेल्या दोन डिस्क रेडमध्ये न घेता आळीपाळीने भराव्यात : दर शनिवारी आरसिंक या फाइलींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने ताजी केलेली घरी न्यावी आणि घरातली परत आणावी. गिऱ्हाइकांचे खासगी फोटो बसमधून जाणार असल्याने या डिस्क पासवर्डने कूटबद्ध कराव्यात.

पंधरा दिवसांतून एकदा रेडची स्थिती दाखवणारी 'एमडीस्टॅट' ही फाइल उघडून पाहावी. चौकटी कंसात 'यूयू' दिसले, तर जोडी शाबूत आहे. एका 'यू'च्या जागी आडवी रेघ आली, तर एक डिस्क बाद झाली आहे. कोणती, हे ऐनवेळी शोधत बसू नये यासाठी प्रत्येक डिस्कचा सिरियल क्रमांक आजच तिच्या ट्रेच्या दर्शनी बाजूस चिकटवून ठेवावा. घाईत चांगलीच डिस्क उपसून काढणारे मी पाहिले आहेत. यूपीएस मात्र सर्व्हर सुरू करण्याआधी घ्यावा.