पिकअपचा एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) वळताना कटकट करतोय: दुरुस्त करू की काढून साधा डिफरन्शियल बसवू? आणि टिपरमध्ये एलएसडी टिकतो का?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड फोर बाय फोर पिकअप घेतली आहे, महूकडच्या गावातून इंदूरच्या चोइथराम मंडीत बटाटा-लसूण आणता, आणि मंडीत गाडी पूर्ण स्टिअरिंग कापून वळवली की मागून कटकट, घर्र असा आवाज येतो. मिस्त्री म्हणतो एलएसडी संपला, काढा. (डिफरन्शियल म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या फेऱ्या घेऊ देणारा गिअरचा संच; एलएसडी त्यातलाच, पण एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा.) पुढे टिपर घ्यायचाही विचार आहे.

मी इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचंच काम करतो. माझं म्हणणं असं की अजून काहीही उघडू नका. गाडी डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये राहिलेली नाही ना, हे आधी बघा. अशा पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना सगळी यंत्रणा ताणली जाते आणि असाच आवाज येतो. टू-व्हीलमध्ये टाकूनही आवाज आला, तर ऑईल बदला आणि मागची दोन्ही टायरं मोजा. मिस्त्रीचं निदान मला पटत नाही, कारण ज्या एलएसडीच्या प्लेटा खरंच संपल्या आहेत तो वळताना असा आवाज करत नाही. तो गप्प होतो आणि साध्या डिफरन्शियलसारखा वागायला लागतो. चिखलात एकच चाक फिरतं तेव्हाच मालकाला कळतं.

पिकअपमधल्या नेहमीच्या एलएसडीत साइड गिअरच्या, म्हणजे चाकाच्या शाफ्टला जोडलेल्या गिअरच्या, मागे प्लेटांचा गठ्ठा असतो. एक घर्षणाची, एक पोलादी, पुन्हा एक घर्षणाची, अशा एकाआड एक. स्प्रिंग त्यांना दाबून धरते आणि भार आला की गिअर स्वतःच बाहेर ढकलले जाऊन दाब वाढवतात. म्हणून एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला थोडा जोर मिळतो. पण रस्त्यावर वळताना दोन्ही चाकांच्या फेऱ्या वेगळ्या होतात आणि तेव्हा या प्लेटांना एकमेकींवर घासावंच लागतं. म्हणजे ब्रेकच्या लायनरसारखा हा झिजायचाच भाग आहे. ‘किती किलोमीटर टिकतो’ याचा एकच आकडा म्हणूनच सांगता येत नाही. ऑईल आणि टायर सांभाळलेल्या गाडीत तो वर्षानुवर्षं चालतो, न सांभाळलेल्या गाडीत दोन पावसाळ्यांत जातो.

आता कटकट. प्लेटा सरकताना अडकतात-सुटतात, अडकतात-सुटतात, त्याचा हा आवाज. त्या अलगद सरकाव्यात म्हणून एलएसडीच्या ऑईलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण अलगद करणारं मिश्रण, लागतो. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने साधं १४० नंबरचं गिअर ऑईल भरलेलं असणं ही रोजची गोष्ट आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिला असेल तोच घ्या, जीएल-५ (गिअर ऑईलचा दर्जा) आणि डब्यावर ‘लिमिटेड स्लिप’ लिहिलेला. तसा मिळाला नाही तर मॉडिफायर वेगळा घालावा लागेल. जुनं ऑईल गाडी चालवून गरम असतानाच काढा. काढण्याच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा गाळ बोटाने पुसून दिव्याखाली बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर नेहमीची झीज आहे. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर क्राऊन-पिनियन (मुख्य गिअरची जोडी) किंवा स्टार पिनियन (डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर) बोलतोय, मग मात्र उघडावंच लागेल. ऑईल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात चालून तापलेला एक्सल रपट्याच्या (पाण्याखाली जाणाऱ्या ठेंगण्या पुलाच्या) थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि चिखलाने ब्रीदर, म्हणजे एक्सलची हवा जायची-यायची वाट, बुजलेला असेल तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. आपल्या मालव्याच्या काळ्या मातीत ब्रीदर बुजायला वेळ लागत नाही. तो काढून डिझेलने धुवा.

नवीन ऑईल भरल्यावर मोकळ्या मैदानात अगदी हळू, ८ च्या आकड्यात, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवत गाडी दहा-बारा वेळा फिरवा. प्लेटांच्या मधलं जुनं ऑईल त्याशिवाय निघत नाही. बरेच जण ही पायरी गाळतात आणि दुसऱ्या दिवशी ‘ऑईल बदलूनही आवाज तसाच’ म्हणून परत येतात.

टायरांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त एलएसडी इथे मरतात. समजा मागे २३५/७० आर १६ टायर आहेत. पंक्चर होऊन एक बाद झालं, तुम्ही एकाच बाजूला नवीन टाकलं. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर, जुन्याची ३. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे सुमारे सव्वा टक्का. हे टायर एका किलोमीटरला साधारण ४३० फेऱ्या घेतं, तेव्हा दोन चाकांत दर किलोमीटरला पाच-सहा फेऱ्यांचा फरक पडतो. काटकोनात एक वळण घेतलं तर फरक पडतो जेमतेम एका फेरीचा. म्हणजे एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) तुम्ही नाकासमोर सरळ चाललात तरी आतल्या प्लेटांना दर किलोमीटरला पाच-सहा वळणं घेतल्याइतकं घासावं लागतं. महूहून मंडीपर्यंत रोज असंच चाललं तर कुठलीही कंपनी असो, प्लेटा जळणारच. म्हणून मागचे दोन टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, जोडीने बदला आणि हवा सारखी ठेवा. घेरावर टेप लावून मोजलं की दोन मिनिटांत कळतं.

एवढं करूनही शंका राहिली तर पकड तपासा. सपाट जागा, पुढच्या चाकांना ठोकळे, मागचा एक्सल दोन घोड्यांवर (जॅक-स्टँडवर), टू-व्हील, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर प्लेटांत पकड आहे. उलट फिरलं तर गेली. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: एलएसडीच्या गाडीत एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नका. जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारते. खाली माणूस असतो.

पकड गेली असेल तरी आख्खा डिफरन्शियल फेकायची गरज नसते. प्लेटांचा सेट आणि स्प्रिंग बदलून काम होतं. नव्या प्लेटा मॉडिफायर घातलेल्या ऑईलमध्ये भिजवून बसवायच्या, आणि डिफरन्शियलच्या केसमध्ये (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्यात) पोलादी प्लेटांच्या कानांनी, म्हणजे कडेच्या टोकांनी, खाचा पाडल्या आहेत का ते बघायचं. खाचा खोल असतील तर केस बाद. साधा डिफरन्शियल बसवायचा की नाही, हे तुमच्या शेतरस्त्यावर ठरवा. बाराही महिने डांबरावरच असाल तर साधा बरा, त्यात झिजायला कमी आणि रिकामी पिकअप भेरूघाटात ओल्या वळणावर मागून घसरायची भीतीही कमी. एलएसडीत दोन्ही चाकं एकदम सुटू शकतात. पण पावसाळ्यात वावरातून माल काढत असाल तर मी तो ठेवीन. कोणी स्टार पिनियन वेल्डिंग करून ‘कायमचा लॉक’ करून देतो म्हणाला तर त्या दारातून परत फिरा. वळणावर टायर ओरबाडतात, एक्सल शाफ्ट पिळतो, आणि भरलेली गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही.

आता टिपर. आपल्याकडच्या जड टिपरांत सहसा एलएसडी नसतो. साधा डिफरन्शियल आणि हवेवर चालणारा डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉक, असतो. दोन मागचे एक्सल असलेल्या टिपरात एक्सलांच्या मध्ये आणि चाकांच्या मध्ये, असे दोन्ही लॉक येतात. माझ्या मते जड कामाला हेच बरोबर आहे, कारण लॉक हवा तेव्हाच लागतो आणि एरवी काहीच घासत नाही. तिथे डिफरन्शियल जातो तो वेगळ्याच कारणाने. एक चाक चिखलात, दुसरं घट्ट, आणि ड्रायव्हर एक्सलेटर दाबून धरतो. उभ्या चाकामुळे फिरणारं चाक दुप्पट वेगाने फिरतं, स्टार पिनियन क्रॉसवर (ज्या दांड्यांवर ते फिरतात त्यांवर) भणभणतात, ऑईलचा थर उडून जातो आणि पिनियन क्रॉसला चिकटतात. हे व्हायला फार वेळ लागत नाही. त्यानंतरची दुसरी चूक म्हणजे चाक तसंच फिरत असताना लॉकचं बटण दाबणं. दात दातांवर आपटतात आणि एक्सल शाफ्ट तुटतो. गाडी थांबवा, मग लॉक लावा, हळू बाहेर काढा, कडक जमिनीवर आल्याबरोबर सोडा.

जुना टिपर बघायला जाल तेव्हा मालकाकडून मागच्या दोन्ही एक्सलचं ऑईल तुमच्यासमोर थोडं काढून घ्या आणि मोकळ्या मातीत दोन्ही लॉक लावून-सोडून दाखवायला सांगा. लॉक लागला आणि सुटायला अडला, किंवा मालक ‘आम्ही कधी वापरतच नाही’ म्हणाला, तर किंमत ठरवण्याआधी हाउसिंग उघडून बघण्याची अट घाला.