घड्याळ लावलं की कल्पना आटतात का?

सहावीच्या वर्गाला मी ‘विटेचे वेगवेगळे उपयोग लिहा’ असा खेळ देते. वेळ तीन मिनिटं. सगळ्यांचं तेच ते येतं. मुलांत कल्पकताच नाही का? (शिक्षिका, पंचवटी)

आहे हो बाई! ती बाहेर यायच्या आतच वह्या गोळा होतायत. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 सालीच नोंदवलं होतं की, मिनिटं सरतात तसा उत्तरांचा वेग मंदावतो, पण उत्तरं जास्त वेगळी होत जातात. आधी येतं ते आठवणीतलं, म्हणून सगळ्यांचं सारखं. पिंपळगावच्या बाजारातलं टोमॅटोचं रिकामं कॅरेट वर्गात ठेवून बघा. बसायला, भाजी ठेवायला, पुस्तकं ठेवायला, हे भराभर येईल. मग वर्ग गप्प होईल. तिथे घाई करू नका. त्यानंतरच कुणीतरी म्हणेल, ‘जाळीतून उन्हाची नक्षी पाडू, ती सरकते त्यावरून वेळ ओळखू.’ दहा मिनिटं द्याच. आणि गुण देणार असाल तर सगळ्यांना वेळ सारखी हवी. ज्याची यादी लांब, त्याला वेगळं काही सुचण्याची संधीही जास्त मिळते.

मुलगी डिझाइनच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. वेळ पुरत नाही म्हणून पहिलं सुचेल तेच काढते. (पालक, इंदिरानगर)

परीक्षेची वेळ आपल्या हातात नाही. सुरुवातीला घड्याळाशिवाय सराव करू द्या, नंतर वेळ लावा. चित्राला हात घालण्याआधी कोपऱ्यात चार-पाच कच्च्या रेघाटण्या कराव्यात आणि पहिली शक्यतो सोडून द्यावी.

आमचे साहेब म्हणतात, डेडलाइनशिवाय डोकं चालत नाही. खरंय? (सुपरवायझर, अंबड)

काम उरकायला डेडलाइन लागते, तेवढं साहेबांचं बरोबर. नवं सुचायला मात्र नाही. सर्जनशीलतेवर संशोधन करणाऱ्या टेरेसा अमाबिले यांनी 7 कंपन्यांतल्या 177 जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या (2002). ताणाच्या दिवशी लोकांना वाटायचं आज डोकं जोरात चाललंय; नोंदींत सर्जक विचार कमीच दिसला. अपवाद होता, पण एकाच कामावर, कुणी मध्ये न उठवता बसता आलं आणि ते काम का तातडीचं हे मनापासून पटलं तरच. दर दहा मिनिटांनी फोन येणाऱ्या शॉप फ्लोअरवर हे कसं जमणार? सुधारणा सुचवायच्या बैठकीला तरी फोन बाहेर ठेवायला लावा.

मुलगा थोड्या वेळात ‘आता काही सुचत नाही’ म्हणतो. थांबवू का? (आई, सिन्नर)

लगेच नको. कल्पना संपत चालल्यात असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्यांचा दर्जा टिकतो किंवा वाढतो, असं लुकास आणि नॉर्डग्रेन या संशोधकांना 2020 मध्ये आढळलं. ‘अजून दोनच सांग’ म्हणा. कंटाळून रडकुंडीला आला तर मात्र खेळ बंद, उद्या बघा.