मधुमेहातला मेंदू पाहायचा आहे, तर गणित सोडावं का?

पत्र: आम्ही लातूरला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे, विषय पीसीएमबी. तिच्या आजीला वीस वर्षांपासून मधुमेह आहे, वजनही जास्त आहे. तोल जातो म्हणून गेल्या वर्षी मेंदूचा एमआरआय केला. रिपोर्टमध्ये ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड २’ असं लिहिलं होतं. तेव्हापासून मुलीनं हाच विषय धरला आहे. शुगरमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं आणि ते मशीनला कसं दिसतं, हे तिला शिकायचं आहे. क्लासचे सर म्हणतात, नीट द्यायची तर बारावीला गणित सोड. दुसरीकडे एका संस्थेत एक वर्षाचा एमआरआय टेक्निशियन कोर्स आहे, नोकरीची हमी देतात. यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं का? ‘मधुमेहाचं इमेजिंग’ असा वेगळा अभ्यासक्रम असतो का? – एक पालक

सप्रेम नमस्कार.

गणित सोडू देऊ नका. बाकीचे निर्णय दोन वर्षांनी घेता येतील किंवा बदलता येतील, हा एक बदलणं अवघड जाईल. लातूरमध्ये राहून हे ऐकणं कठीण आहे, कारण तिथं अख्ख्या गावाचं वेळापत्रक नीटभोवती फिरतं. पण तुमच्या मुलीनं विचारलेला प्रश्न जीवशास्त्राचा जेवढा आहे, तेवढाच गणिताचाही आहे. कसा, ते नीट सांगतो. हा भाग तिलाही वाचायला द्या.

आजींच्या रिपोर्टचा अर्थ, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्यामुळे झालेले जुने बदल. त्यातला ‘फझेकास’ हा १९८७ साली मांडलेला ० ते ३ असा श्रेणीक्रम आहे. फ्लेअर नावाच्या एमआरआय चित्रात मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणी काळं दिसतं आणि व्हाइट मॅटरमधले (मेंदूच्या आतल्या, तंतूंच्या जोडण्यांच्या भागातले) बिघडलेले भाग पांढरे उठून दिसतात. ते सुटे ठिपके आहेत (१), एकमेकांत मिसळू लागलेत (२), की मोठे पट्टे झालेत (३), हे डॉक्टर नजरेनं ठरवतात. मधुमेह, रक्तदाब आणि वय या तिन्हींनी हे डाग वाढतात, त्यामुळे नुसत्या डागावरून ‘हा शुगरचा’ असं म्हणता येत नाही. शिवाय हा डाग म्हणजे झालेल्या नुकसानीची खूण आहे. त्याआधी रक्तपुरवठ्यात काय बिघडलं, हे पाहायला वेगळी तंत्रं लागतात.

त्यातलं या विषयासाठी सर्वांत कामाचं तंत्र म्हणजे आर्टिरिअल स्पिन लेबलिंग, थोडक्यात एएसएल. यात इंजेक्शन नसतं. मानेतून मेंदूकडे चढणाऱ्या रक्तातल्या पाण्याची चुंबकीय दिशा रेडिओलहरींनी उलटवतात, म्हणजे रक्तावर खूण करतात. ते रक्त मेंदूत पोचेपर्यंत थांबतात आणि चित्र घेतात. मग खूण न करता दुसरं चित्र घेतात आणि दोन्हींची वजाबाकी करतात. उरतो तो फक्त आत आलेल्या रक्ताचा हिशोब. हा फरक मूळ सिग्नलच्या जेमतेम एक टक्का असतो, म्हणून अशा अनेक जोड्या घेऊन सरासरी काढावी लागते आणि त्यात चार-पाच मिनिटं जातात. तेवढ्यात डोकं जरा हललं, की वजाबाकीत मेंदूच्या कडेला चकचकीत कडं उमटतं.

आता गणित. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनमध्ये रक्तावरची ही खूण साधारण १.६५ सेकंदांच्या कालमानानं विरते. चित्र घेण्याआधी १.८ सेकंद थांबलं तर खुणेचा जवळपास एक तृतीयांश भाग उरतो. २.५ सेकंद थांबलं तर २२ टक्केच. म्हणजे कमी थांबलं तर रक्त पोचत नाही, जास्त थांबलं तर खूण पुसली जाते. २०१५ साली या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन शिफारस केली: सत्तरीच्या आतल्या निरोगी माणसाला १.८ सेकंद, त्यापुढच्या वयाला आणि रुग्णांना २ सेकंद. पण वर्षानुवर्षांच्या मधुमेहानं धमन्या कडक झालेल्या असतात, कधी मानेतली धमनी अरुंद झालेली असते. तिथं रक्त त्याहूनही उशिरा पोचू शकतं. मग चित्रात मोठ्या धमन्यांच्या जागी तेजस्वी ठिपके आणि पलीकडचा भाग अंधारलेला दिसतो. नवखा माणूस लिहितो, ‘इथं रक्तपुरवठा कमी.’ खरं तर रक्त वाटेत आहे, फोटो लवकर काढला. यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या विलंबांची चित्रं घेऊन रक्त पोचायचा वेळही मोजायचा. खूण विरण्याचं हे सूत्र बारावीच्या डिफरन्शियल इक्वेशन्सच्या धड्यात वाढ-घटीची उदाहरणं असतात, त्याच जातीचं आहे.

हे एकटंच उदाहरण नाही. एमआरआयचा कच्चा सिग्नल कॉम्प्लेक्स नंबर्समध्ये येतो. व्हाइट मॅटरच्या तंतूंची दिशा शोधणारं डीटीआय तंत्र ३ × ३ च्या मॅट्रिक्सवर चालतं. त्यात सहा अज्ञात असतात, म्हणून किमान सहा दिशांची मापं लागतात. प्रत्यक्षात तीस किंवा जास्त घेतात, कारण प्रत्येक मापात गोंगाट असतो.

आकडा चुकण्याची इतरही साधी कारणं असतात, ती माहीत असणं म्हणजे अर्धं कौशल्य. निरोगी ग्रे मॅटरचा (मेंदूच्या पेशींच्या थराचा) रक्तप्रवाह १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर असतो. तपासणीआधी चहा-कॉफी झाली असेल तर कॅफिनमुळे तो लक्षणीय घटतो. अभ्यासातल्या अर्ध्या लोकांनी चहा घेतला आणि अर्ध्यांनी नाही, तर तुम्ही मधुमेह मोजला की चहा, ते कळणार नाही. ॲनिमिया असेल तर रक्त खरोखरच जोरात वाहतं, शिवाय रक्तावरची खूणही उशिरा विरते. गणितात नेहमीचं १.६५ धरलं, तर उत्तर आणखी फुगतं. आपल्याकडे ॲनिमिया किती आहे हे पाहता, हिमोग्लोबिनची नोंद ठेवल्याशिवाय असा अभ्यास करूच नये.

पेट स्कॅनमध्ये तर साखर थेट आड येते. एफडीजी हे किरणोत्सारी द्रव्य ग्लुकोजच्याच वाटेनं पेशीत शिरतं. रक्तात साखर भरपूर असली, की दोघांत स्पर्धा होते आणि मेंदूत द्रव्य कमी जातं. साखर २०० मिलिग्रॅमच्या वर गेली तर बहुतेक केंद्रं तपासणी पुढे ढकलतात. वाढलेल्या साखरेत मेंदूच्या मागच्या भागातलं द्रव्य घटून अल्झायमरसारखं चित्र दिसू शकतं. नसलेला आजार कागदावर येणं किती वाईट, याची कल्पना करा.

लठ्ठपणाच्या अडचणी वेगळ्या आहेत. जुन्या एमआरआय मशीनचा बोगदा ६० सेंटिमीटरचा, नव्या अनेक मशीनचा ७०. खांदे किंवा कोपर भिंतीला टेकले, मांडीला मांडी चिकटली, तर रेडिओलहरींनी त्वचा भाजू शकते, म्हणून मध्ये पॅड ठेवावेच लागतात. मधुमेही रुग्णाच्या अंगावर इन्सुलिन पंप असेल तर तो चुंबकाच्या खोलीबाहेर काढायचा. दंडावरच्या ग्लुकोज सेन्सरबाबत कंपनीची सूचना वाचायची. उपाशीपोटी आलेल्यानं सकाळी इन्सुलिन घेतलं आहे का, हे विचारायचं आणि ग्लुकोमीटर लावायचा. ७० च्या खाली साखर असलेल्या माणसाला बोगद्यात सरकवायचं नाही. आत त्याला घाम फुटला, तरी बाहेरच्याला दिसत नाही. हे सगळं टेक्निशियन सांभाळतो.

एक गोष्ट महाराष्ट्रातली, कारण ती मुलीला आवडेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३. डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबी असलेला भारतीय माणूस जगाला एका चित्रानं समजला. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. काटा न सांगणारी चरबी कुठे आहे आणि तिच्यामुळे रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो, हे मोजणारी माणसं आपल्याला खरोखर हवी आहेत.

तर आता वाटा. या क्षेत्रात चित्र घेणारा, चित्र वाचणारा आणि चित्रातून आकडा काढणारा अशी तीन माणसं लागतात. डॉक्टर फक्त मधल्याला व्हावं लागतं.

चित्र वाचायचं तर एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग रेडिओडायग्नोसिसमध्ये एमडी तीन वर्षं. मेंदूच हवा असेल तर डीएम न्यूरोरेडिओलॉजी आणखी तीन. म्हणजे साडेअकरा वर्षं, शिवाय एमडीची जागा मिळवण्याची चुरस. आजाराबद्दल सर्वांत खोल समज या वाटेवर येते. मानेच्या धमन्यांचा डॉप्लरही (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आपल्याकडे रेडिओलॉजिस्टच करतात. परदेशातल्यासारखा स्वतंत्र सोनोग्राफर हा पेशा, पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यामुळे, इथं जवळजवळ नाही. कोणी ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ कोर्सचं आमिष दाखवलं तर हे लक्षात ठेवा.

चित्र घ्यायचं तर मेडिकल इमेजिंग किंवा रेडिओग्राफीची पदवी घ्यावी, बी.एस्सी. किंवा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी). एक वर्षाच्या कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानं या पेशांची नोंदणी आणि किमान शिक्षण ठरवण्याची व्यवस्था आणली आहे. आज चालणारं प्रमाणपत्र उद्या नोंदणीला चालेलच असं नाही. कुठल्याही संस्थेत विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची? एमआरआय मशीन संस्थेचं स्वतःचं आहे की दुसऱ्या रुग्णालयाचं? विद्यार्थी कन्सोलवर (मशीन चालवायच्या संगणकावर) स्वतः किती तास बसतो? नोकरीची हमी लेखी मागा. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर पैसे वाचले समजा.

तिसरी वाट लोकांना कमी ठाऊक आहे, आणि तुमच्या पत्रावरून मुलगी मला तिकडची वाटते. ‘मशीनला कसं दिसतं’ हा तिचा प्रश्न आहे. बायोमेडिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरमध्ये बी.ई. करून गेट या प्रवेश परीक्षेतून आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभागासारख्या ठिकाणी एम.टेक. करता येतं. किंवा आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची पाच वर्षांची बीएस-एमएस. तिच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात. पुढे पीएच.डी.साठी बंगळुरूची निम्हान्स, मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल ही मेंदूच्या इमेजिंगची ठिकाणं. एम.एस्सी. फिजिक्सनंतर मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमाही नावाजलेला आहे, पण त्यातले बहुतेक जण कर्करोगाच्या रेडिओथेरपीत काम करतात. एमआरआयच्या आशेनं तिकडे जाऊ नये. ही तिसरी वाट गणिताशिवाय जवळपास बंद आहे. पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरमधल्या मित्रांपेक्षा कमी असू शकतो, संशोधनात स्थैर्य उशिरा येतं. हे घरात आधीच बोलून घ्या.

‘मधुमेहाचं इमेजिंग’ असा पदवी अभ्यासक्रम नसतो, आणि कोणी काढला तरी सतराव्या वर्षी घेऊ नये. आधी पाया रुंद, मग एम.टेक.चा प्रबंध किंवा पीएच.डी.चा विषय म्हणून मधुमेह.

नीट द्यायलाही हरकत नाही. चारही विषय ठेवून नीट, एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट आणि आयसर, तिन्ही देता येतात. बोजा होईल हे खरं. जीव गुंतला आहे असं दिसत असेल तर पेलेल, नुसत्या भीतीनं चार विषय धरले असतील तर पेलणार नाही.

जीव गुंतला आहे का, हे तपासायला येत्या सुट्टीत एक काम द्या. खर्च शून्य, साधा लॅपटॉप पुरतो. ‘ओपनन्यूरो’ या खुल्या संग्रहातून फ्लेअर चित्रं असलेला एखादा डेटासेट उतरवा. ‘आयटीके-स्नॅप’ हे मोफत सॉफ्टवेअर टाका. एका मेंदूतले पांढरे डाग तिनं काप (चित्राचे एकामागचे एक थर) बदलत, हातानं रंगवावेत आणि फाइल जतन करावी. आठ दिवसांनी, जुनं काम न बघता, तेच पुन्हा रंगवावं. मग दोन्ही वेळी सामाईक रंगवलेले घन (चित्र ज्यांचं बनतं ते सर्वांत लहान ठोकळे) मोजायचे, त्यांची दुप्पट करायची आणि दोन्ही वेळच्या बेरजेनं भागायचं. समजा पहिल्यांदा ४०० घन, दुसऱ्यांदा ५००, सामाईक ३६०. तर ७२० भागिले ९००, म्हणजे ०.८. याला डाइस गुणांक म्हणतात. घन १ मिलिमीटरचा असेल तर ४०० घन म्हणजे ०.४ मिलिलिटरचा डाग.

पहिल्या खेपेला आकडा ०.६ च्या आसपास आला तरी निराश होऊ देऊ नका. डाग लहान असले की कडेवरच्या दोन-चार घनांनीही गुणांक कोसळतो. तो का कोसळला, हे ती कुठल्या कापात जाऊन शोधते आणि तिसऱ्यांदा रंगवायला बसते का, तेवढं पाहा. बसली तर मला पुन्हा लिहा, दोन्ही फाइलींचे आकडे पाठवा. पुढचं पाऊल म्हणून पायथनमध्ये हीच मोजणी कशी करायची ते सांगेन.