ढिगाऱ्यावरचा वाघ

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. खाणीच्या ढिगाऱ्यावर वेड्या बाभळीच्या सावलीत वाघ निवांत बसलाय आणि मागून डम्पर चाललाय. खाली तू विचारलंस, ‘सर, खाणीतही वाघ राहतोच ना? मग आपण खाणीविरुद्ध भांडतो कशासाठी?’ असाच फोटो उद्या कुणीतरी बैठकीत पडद्यावर लावेल आणि हेच विचारेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो वाघ तिथे का आला ते बघ. खुल्या खाणीत कोळशावरची माती आणि दगड काढून बाजूला रचतात. तुमच्या घुग्घुसला, चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात, त्या ढिगाऱ्याला सगळे ‘ओबी’ म्हणतात. त्यावर वेडी बाभूळ आपसूक माजते. माणूस आत शिरत नाही, म्हणून रानडुकरं मुक्काम ठोकतात. कडेला गुरं चरतात, भटकी कुत्री फिरतात, खाणीतून उपसलेलं पाणी जवळच्या नाल्यात सोडलेलं असतं. तरण्या वाघाला तेवढ्यावर काही दिवस काढता येतात. पण एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला खड्डा आणि मधून रात्रंदिवस वाहतूक, अशा जागी वाघ आणि माणूस एकमेकांना चुकवून किती दिवस राहतील? २०२२ मध्ये चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, तेव्हा तू शाळेत असशील. त्या घरांतल्या लोकांना हा फोटो दाखवून ‘सहजीवन’ म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आता हिशेब. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. २०२२ च्या गणनेत गाभा आणि भोवतालचा बफर मिळून प्रकल्पात ९७ वाघ धरले आहेत. बछडा दोनेक वर्षांचा झाला की त्याला आईचा इलाका सोडावाच लागतो आणि गाभ्यात रिकामी जागा नसते. मग काही उमरेड-कऱ्हांडला आणि बोरकडे जातात, काही ब्रह्मपुरीच्या जंगलातून नागझिऱ्याकडे, काही कन्हारगावावरून तेलंगणातल्या कवल व्याघ्र प्रकल्पाकडे. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला एक नर १,३०० किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. कपाशी, तुरी, नाले, गावं, रस्ते, सगळं त्यानं ओलांडलं. शेतातून वाट काढणं वाघाला जमतं. पण वर्धा खोऱ्यात खाण, तिचे ढिगारे, कोळसा भरायची रेल्वे सायडिंग आणि पुढे लगेच दुसरी खाण अशी रांग लागली की त्याला वळसा घालायलाही जागा उरत नाही.

म्हणून ‘खाणीमुळे वाघ मरतील’ असं कुठेही बोलू नकोस. समोरचा तुझाच फोटो काढून दाखवेल. खाण वाट बुजवते, असं म्हण. वाट बुजली की ताडोबातले वाघ आतच कोंडतात, आपसात मारामाऱ्या होतात, नाहीतर तुमच्या कॉलनीच्या भिंतीशी येतात. कायद्यालाही ही वाट ठाऊक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-ओ प्रमाणे व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीन निसर्गाला न पेलणाऱ्या वापरासाठी वळवता येत नाही. वळवायचीच झाली तर ती सार्वजनिक हितासाठी, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला घेऊन आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मंजुरीनं. हे कलम पाठ कर.

आणि एकट्या वाघाची वकिली करू नकोस. वाघ निदान ढिगाऱ्यावर तरी दिसतो. उडत्या खारीला ढोली असलेलं जुनं झाड लागतं, खवल्या मांजराला मुंग्या-वाळवीची जमीन लागते. रानकुत्र्यांच्या कळपाला पळायला अखंड रान लागतं, आणि रानकुत्राही वाघासारखाच जगभरात संकटग्रस्त आहे, हे आपल्याकडे कुणी बोलत नाही. यांचे फोटो ओबीवरून येत नाहीत. मोह, ऐन, नाल्याकाठचा अर्जुन एकदा तोडला आणि ‘भरपाई वनीकरण’ म्हणून दुसऱ्या तालुक्यात रोपं लावली, तर त्या रोपांना ढोली पडायला कैक पिढ्या जातील. शिवाय पाणी. खड्डा खोल गेला की भोवतालच्या विहिरींचं आणि झऱ्यांचं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. आधी वैशाखापर्यंत टिकणारा डोह होळीलाच आटतो. हे नुकसान खाणीच्या कुंपणाबाहेरचं, म्हणून ते तोडलेल्या झाडांच्या आकड्यात येत नाही.

तू घोषणा छान देतोस, पण खाण थांबते ती बहुतेक कागदावरच, पहिला ब्लास्ट व्हायच्या आधी. मूल रोडवरच्या लोहाऱ्याची खाण २००९ मध्ये रोखली गेली. त्यासाठी चंद्रपुरात इको-प्रो या पर्यावरण संस्थेच्या बंडू धोतरेंनी उपोषण केलं, लोक रस्त्यावर आले. चिमूरकडचा ‘बंदर’ नावाचा कोळसा ब्लॉक २०२० च्या लिलावाच्या यादीत आला होता, तोही विरोधानंतर वगळला. दोन्ही वेळी अजून काही खणलेलं नव्हतं. चालू खाणीचा विस्तार रोखणं त्याहून फार अवघड. त्यात काही अटींवर जनसुनावणीची, म्हणजे मंजुरीआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकण्याचीही सूट मिळते, गावाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

तेव्हा खाणीच्या मंजुरीसाठी केलेला पर्यावरण परिणामांचा अहवाल वाचायला शीक. कंटाळवाणा असतो, तरी वाच. आधारभूत नोंदी, म्हणजे खाणीआधीच्या हवा-पाणी-जीवांच्या नोंदी, कोणत्या महिन्यांतल्या आहेत ते पाहा. पावसाळा सोडून एकाच ऋतूच्या नोंदी पुरतात, म्हणजे बेडकांपासून ओढ्यांपर्यंत निम्मं रान त्यात नसतंच. प्राण्यांच्या यादीत वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेलं, कोण सुटलंय ते शोध. मी असे अहवाल पाहिलेत ज्यात ससा, मुंगूस आणि खार यांच्यावर जंगल संपतं.

जनसुनावणीत भाषण करू नकोस. नाल्याचं नाव, गट क्रमांक, पाऊलखुणा दिसल्याची तारीख, एवढं लेखी दे आणि पोच घे. आणि शेवटपर्यंत थांब! झालेल्या चर्चेचा गोषवारा शेवटी मराठीत वाचून दाखवावा लागतो. तोवर मांडव रिकामा झालेला असतो, आणि तुझा मुद्दा कसा लिहिला गेलाय हे ऐकायला कुणीच नसतं.

तुझे बाबा खाणीत आहेत, त्यावरून मित्र तुला टोमणे मारतात असं लिहिलंस. मारू देत. माझ्या घरातला पंखाही याच कोळशावर फिरतो. डम्पर चालवणाऱ्याशी आपलं भांडण नाही. उलट खाण सुरू होण्याआधी कुठला नाला कुठून वाहायचा, जनावरं पाण्याला कुठे उतरायची, हे बाबांच्या पिढीइतकं अहवाल लिहिणाऱ्यांना ठाऊक नाही. या रविवारी त्यांना सोबत घे, तहसीलमधून गावाचा जुना नकाशा काढून आणलास तर त्यावर पेन्सिलीनं खुणा करून घे आणि मला एक प्रत पाठव.