आबांना व्हिडिओ पाठवू नकोस, प्रश्न विचार

"ताई, मी पंथ सोडला आणि आबांनी मलाच सोडलं. फोन उचलतात, आवाज ऐकला की आईकडं देतात." तुझं हे पत्र वाचून तुटलं बघ पोटात. इतक्या लांबून कोल्हापुरात गंगावेशीतल्या घरातला अबोला सोसायचा म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको.

पण पुढं तूच लिहिलंयस, "मी दर रविवारी त्यांना पंथाच्या बाबांच्या भोंदूगिरीचे व्हिडिओ पाठवते." अगं, कशाला? ज्या माणसानं उभी हयात तिथं पहाटे उठून सेवा केली त्याला त्यात एवढंच ऐकू येतं, की पोरगी म्हणतीय तुमचं आयुष्य वाया गेलं, मग तो आणखी घट्ट धरून बसणार.

अमेरिकेत टोपेका गावात वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च आहे. मेगन फेल्प्स-रोपर त्या चर्चच्या संस्थापकाची नात, पाच वर्षांची असल्यापासून द्वेषाचे फलक घेऊन उभी राहायची, चर्चवाले तर सैनिकांच्या अंत्यविधीबाहेरही निदर्शनं करायचे. २००९ पासून ट्विटरवर चर्चची बाजू मांडताना तिला डेव्हिड अबिटबोल हा ज्यू ब्लॉगर भेटला. त्यानं वाद घातला, पण प्रश्न विचारत. समलिंगींना देहदंड द्या म्हणता, मग ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा असं येशू म्हणाला त्याचं काय? निदर्शनात प्रत्यक्ष भेटला तर तिच्या हातात ज्यूंविरुद्धचा फलक, आणि हा तिच्यासाठी जेरुसलेमहून मिठाई घेऊन आलेला! २०१२ च्या नोव्हेंबरात ती बहिणीसोबत बाहेर पडली. घरच्यांनी तोडलं तिला, ते दुःख आहेच, पण तिला बाहेर आणलं ते माणसासारखं बोलणाऱ्या लोकांनी.

आमच्या सासऱ्यांचंही तसंच. हे फोनवर भांडायचे, मी एकदा विचारलं, मामंजी, तुम्ही पहिल्यांदा तुमच्या पंथात गेलात कसे? तर म्हणाले, धाकटा भाऊ गेला तेव्हा भाऊबंद फिरकले नाहीत, पंथातली माणसं तेरा दिवस पिठलं-भाकरी घेऊन येत होती. आता सांग, त्यांना अंधश्रद्धाळू म्हणून काय मिळणार होतं? पंथ नाही सोडला त्यांनी, पण नातीची मैत्रीण आयेशा आली का म्हणून आता स्वतःहून विचारतात.

तर तू आबांना तेच विचार, मध्ये न बोलता ऐक. हो ला हो मात्र करू नकोस, मी सत्संगाला येणार नाही हे आवाज न चढवता सांगायचं. महिने लागतील, वर्षंही लागतील.

बाकी बाळाच्या बारशाचं विचारलंयस, तर दोन्हीकडच्यांना बोलव, येतील ते येतील. आणि बाळाशी कुठल्या भाषेत बोलू म्हणतेस, तर मराठीतच बोल, त्यात विचारायचं काय?