पियानोचं पेडल खडखडतंय? आधी पिन बघ

हे बघ, पेडल खडखडतंय म्हणून अख्खा पियानो खोलून बसू नको. खालचं पॅनल काढ, पेडल हाताने डावीउजवीकडे हलवून बघ, बहुतेक वेळा पेडल ज्यावर हलतं ती पिन झिजलेली असते आणि तिचं भोकही लांबट झालेलं असतं, मग नुसती नवी पिन टाकून काय उपयोग, थोड्या दिवसांत परत तेच. भोक गोल करून पितळी बुश (भोकात बसणारी छोटी नळी) बसवून घे, भोसरीत लेथवाले ढीगभर आहेत, फक्त जुनी पिन आणि पेडल दोन्ही सोबत ने, मापं तोंडी सांगू नको.

पट्ट्यांखालच्या पिना गंजल्या असतील (पुण्याचा पावसाळा, दुसरं काय) तर मेटल पॉलिशने घास आणि कोरड्या फडक्याने नीट पूस. पुढच्या अंडाकृती पिना पक्कडीने फिरवून पट्टीचा सैलपणा कमी करतात काही जण, तो जुगाड नको, पट्टीच्या भोकातलं फेल्ट (लोकरीचं जाड कापड) लवकर झिजतं, त्यापेक्षा फेल्टच बदल.

आणि स्प्रेचं तेल ट्यूनिंग पिनांजवळ (ज्यांना तारा गुंडाळलेल्या असतात) अजिबात नेऊ नको, लाकडात मुरलं की पिन पकड सोडते, मग जाड पिना टाकत बसा. तारांचं काम मात्र ट्यूनरलाच दे, एकेका तारेवर ७०-८० किलोचा ताण असतो बाबा.