'मूळ रूप' म्हणजे नेमकं कोणतं?

प्रिय,

तुझं टिपण दोनदा वाचलं. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचा इतिहास लिहायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एका ठिकाणी अडलो. कोनशिला, उद्घाटन, वास्तुरचना यांवर तीन पानं, आणि नंतरची सगळी वर्षं 'पुढे इमारतीचा विविध कारणांसाठी वापर झाला' एवढ्यात उरकलीस. मला त्या एका वाक्याचीच चार पानं हवी आहेत.

ऑक्सफर्डमधली जुनी ॲशमोलियन इमारत घे. ती 1683 मध्ये उघडली तेव्हा वर संग्रहालय, मधे व्याख्यानाची खोली आणि तळघरात रसायनाची प्रयोगशाळा होती. संग्रह वाढला, नव्या वास्तूत गेला. मग 1901 पासून तिथे ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचे संपादक शब्दांच्या चिठ्ठ्या लावत बसले. 1925 मध्ये जुन्या वैज्ञानिक उपकरणांचं प्रदर्शन सुरू झालं. आज ते विज्ञानाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. आइन्स्टाइननं 1931 च्या व्याख्यानात वापरलेला फळा तिथेच जपलाय. आणि 1999 साली आवारात खणताना काय निघावं? मुशी, रसायनाची भांडी, शरीरविच्छेदनातली माणसांची आणि प्राण्यांची हाडं. आता सांग, या इमारतीचं मूळ रूप कोणतं? मला तरी एकच असं निवडता येत नाही.

म्हणून आधी कागद बाजूला ठेव आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन जा. उजेड भिंतीला घासून तिरका पाड. समोरून सपाट दिसणाऱ्या गिलाव्यावर बुजवलेल्या दाराची चौकट उठून दिसते. एकाच उंचीवर ओळीनं बुजवलेली भोकं दिसली, तर तिथे फळ्या किंवा मांडण्या होत्या. वर्गाच्या फरशीला मोरीसारखा उतार असेल, तर कधीकाळी तिथे पाणी वाहत होतं, म्हणजे बहुधा प्रयोगशाळा. पायऱ्या कुठे झिजल्यात तेही बघ. गर्दी कुठून जायची ते कळतं.

कागदांत सर्वांत उपयोगी म्हणजे जुनी वेळापत्रकं. अहवालात मोठी नावं येतात, वेळापत्रकात खोली क्रमांक येतात. एकाच खोलीत एका वर्षी भूगोल आणि पुढच्या वर्षी परीक्षा विभाग, हे तिथेच सापडेल. निवृत्त ग्रंथालय सेवकांना, प्रयोगशाळा परिचरांना भेट. त्यांना इमारत किल्ल्यांसकट पाठ असते. हे काम लांबणीवर टाकू नकोस, माणसं थांबत नाहीत.

माझ्या हातून एक चूक झालेली आहे. एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत 'मूळ दगड दिसू द्या' असं मीच सुचवलं. गिलावा खरवडला गेला आणि त्याबरोबर कुणीतरी पेन्सिलीनं भिंतीवर लिहिलेली तापमानाची नोंद गेली, रोजची, तारखांसकट. दोन ओळी शिल्लक राहिल्या तेवढ्याच. आज पस्तीस वर्षांनीही ती भिंत डोळ्यांपुढे येते.

तेव्हा तुझ्या इमारतीत कंत्राटदाराचं दुरुस्तीचं काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे, छताचे आणि जमिनीचे फोटो काढ, मोजपट्टी शेजारी ठेवून. समितीला लेखी कळव की नोंदी होईपर्यंत खरवडणं नको. त्या उतार असलेल्या फरशीबद्दल तू एका ओळीत लिहिलंयस. तिचा फोटो मला आधी पाठव.

तुझा,
सर